घाई कोणाची?



दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली असताना तुम्ही बाजारात न जाता व्याख्यानाला आलात, याबद्दल आधी तुमचं कौतुक करते. माझं निम्मं काम तुम्हीच करून टाकलंत. (हशा)

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. मला त्यांच्या वर्गात बसायला मिळालं नाही. पण त्यांचे दोन विद्यार्थी बँकेत माझे सहकारी होते आणि दोघांची तक्रार एकच होती. उत्तर बरोबर आलं तरी गुरुजी गुण कापायचे. का? तर रीत लिहिली नाही म्हणून! उत्तर काय, शेजाऱ्याच्या वहीत डोकावूनही लिहिता येतं. मी एकतीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल होते. सणासुदीच्या बाजाराबद्दल जे काही शिकले, ते सगळं गुरुजींच्या या एका सवयीत बसतं. बाजार आपल्यासमोर नुसती उत्तरं मांडतो. ७० टक्के सूट. शून्य टक्के व्याज. फक्त आज रात्री १२ पर्यंत. आपण म्हणायचं, रीत दाखवा.

रीत दाखवायला सांगायची, तर मात्र एक गोष्ट हाताशी लागते. सवड. आणि नेमकी तीच काढून घेतली जाते. म्हणून आजच्या व्याख्यानाला मी नाव दिलंय, ‘घाई कोणाची?’ सण आपला, पैसे आपले, घर आपलं. मग घाई कोणाची?

आधी माझ्या आईच्या स्वयंपाकघरात चला. ओट्याशेजारी खिळ्याला कालनिर्णय लटकलेलं असायचं. तारखेच्या चौकोनात दुधाचा हिशेब, अर्धा लिटर, पाऊण लिटर, ‘आला नाही’. सिलिंडर लावला त्या तारखेला गोल. हे तुमच्याही घरी असेल. आईची एक जादा सवय होती. काही घ्यावंसं वाटलं की ते त्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायची. ‘स्टीलचा डबा, मोठा.’ ‘पडदे.’ ‘मिक्सर.’ महिना संपला, पान उलटलं, की मागच्या पानावरची नावं वाचायची आणि ज्याची गरज अजून वाटते तेवढंच नव्या पानावर उतरवायची. बाकीचं मागच्या पानाबरोबर मागे. कुणी विचारलं, पडद्यांचं काय झालं, तर म्हणायची, “ते चढले नाहीत.” परीक्षेत मूल वरच्या वर्गात चढतं ना, तसं वस्तूनं पुढच्या पानावर चढायचं. आमच्याकडे मिक्सर सात पानं चढून आला.

आईला अर्थशास्त्र येत नव्हतं. तिनं इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये एक महिना ठेवला होता, इतकंच. आणि ती एकटी नव्हती. आपल्या सगळ्या रहाटीतच अशी कुंपणं होती. आठवडी बाजार होता, म्हणजे सहा दिवस थांबणं आलं. भिशी होती, म्हणजे आपला नंबर लागेपर्यंत थांबणं आलं. मुहूर्त होते. वर्षाला किती? साडेतीन. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा दिवाळीचा पाडवा. आता मोबाइल उघडा आणि मोजा. साडेतीनशे तरी भरतील.

आणखी एक कुंपण होतं, पितृपक्षाचं. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची नाही. मी तुम्हाला पितृपक्ष पाळा असं सांगायला आलेली नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण हिशेबाच्या अंगानं पाहा. वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी नवरात्र ते दिवाळी या काळात होते, आणि तिच्या अगदी तोंडाशी पंधरा दिवस हात बांधलेले. यादी करायला, पैसे मोजायला, घरात वादावादी करायला पंधरा दिवस!

या कुंपणाचं काय झालं? २०१४ साली ६ ऑक्टोबरला फ्लिपकार्टनं आपला पहिला ‘बिग बिलियन डे’ केला. ‘डे’, एकच दिवस. दसरा उलटून गेला होता, दिवाळी यायची होती. गर्दी इतकी उसळली की संकेतस्थळ कोलमडलं आणि संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. पुढे दिवसाचे दिवस झाले, अ‍ॅमेझॉनचा मोठा सेलही शेजारी उभा राहिला आणि तारखा अलीकडे सरकू लागल्या. २०२४ मध्ये हे सेल सुरू झाले २७ सप्टेंबरला. सर्वपित्री अमावास्या होती २ ऑक्टोबरला. म्हणजे पितरांची पानं वाढून व्हायच्या आधीच खोकी दारात यायला लागली. गंमत बघा, शेकडो वर्षांची रूढी मोडायला कुणाला सुधारकाचं भाषण करावं लागलं नाही. एक सूचना पुरली, ‘ऑफर संपत आहे’.

आता मुद्द्यांकडे येते. तीन मुद्दे आहेत. किंमत, घड्याळ आणि हप्ता.

पहिला मुद्दा किंमत. वस्तूवर दोन आकडे असतात. एक खोडलेला, एक ठळक. आपण ठळक आकडा बघतो आणि आनंदतो तो खोडलेल्या आकड्यामुळे. मग खोडलेला आकडा कुणी लिहिला? बहुतेक वेळा ती छापील किंमत असते, एमआरपी. आणि पुष्कळांची समजूत अशी की एमआरपी सरकार ठरवतं. काही औषधं वगैरे सोडली, तर ती छापतो तो बनवणारा किंवा आयात करणारा. कायदा म्हणतो, याहून जास्त घेऊ नका. तो आकडा योग्य आहे, असं कायदा म्हणत नाही. म्हणजे रेघ मारायची कुठं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानंच आधी आकडा लिहायचा आणि मग आपल्यासमोर दिलदारपणे रेघ मारायची. गुरुजींनी इथं पहिला गुण कापला असता.

दुकानाबाहेरच्या फलकावरचा सगळ्यात बारीक शब्द कोणता असतो? ‘पर्यंत’. ७० हा आकडा पुरुषभर उंच आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढा. आत गेल्यावर ७० टक्क्यांचा ढीग कोपऱ्यात, त्यात एक्सएसचे आणि ट्रिपल एक्सएलचे शर्ट. आपल्या मापाला १० टक्के. सोन्याचंही तसंच. ‘मजुरीवर ५० टक्के सूट!’ सूट मजुरीवर आहे, सोन्याचा भाव तोच आहे आणि वर ३ टक्के जीएसटी आहे. मजुरी मुळात किती धरली, हे विचारल्याशिवाय तिच्या अर्ध्याला काय अर्थ? आणि घरपोच मोफत मिळावं म्हणून ४९९ ची रक्कम गाठायची असते. चाळीस रुपये वाचवण्यासाठी आपण सव्वाशे रुपयांच्या चिमट्यांचा संच घेतो. घरात चार संच आहेत. कपडे वाळत घालणारी माणसं दोन.

तर मग सगळी सूट खोटीच का? मुळीच नाही. २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. एसीवरचा आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही कपात खरी होती. तिची ओळख काय? तिच्या शेजारी उलटं पळणारं घड्याळ नव्हतं. ती २३ तारखेलाही होती आणि दिवाळी झाल्यावरही होती. माझं साधं अनुमान असं, की स्वस्ताई जितकी खरी, तितकी तिला घाई कमी.

यावरून दुसरा मुद्दा, घड्याळ. इथं मला स्वतःचीच गोष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई फार शहाण्या आहेत. दोन वर्षांपूर्वी, रात्री पावणेबारा वाजता, मी अंथरुणात पडल्या पडल्या मोबाइल बघत होते. एअर फ्रायर. ८,९९९ खोडलेले, ३,७९९ ठळक. खाली लाल अक्षरात ‘फक्त ३ शिल्लक’. त्याखाली घड्याळ, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. एकोणचाळीस. अडतीस. श्रोतेहो, मी एकतीस वर्षं काउंटरवर नोटा मोजल्या. माझ्यासमोर रांग आरडाओरडा करायची, तरी मी गड्डी दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय कधी सोडली नाही. आणि त्या रात्री अकरा मिनिटांच्या घड्याळानं मला हरवलं. दोन मिनिटांत पैसे गेले. सकाळी चहा घेताना सहज उघडून पाहिलं. घड्याळ पुन्हा सुरू! आता पाच तास. आणि शिल्लक किती? तीन. माझा गेला तरी तीन. तो फ्रायर आज माळ्यावर पाट्या-वरवंट्याच्या शेजारी बसलाय. दोनदा वापरला. चकली कढईतच तळली.

ही माझीच फजिती असती, तर मी सांगितली नसती. पण हे घडवून आणण्याचं एक शास्त्र झालंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. अशा युक्त्यांना म्हणतात ‘डार्क पॅटर्न’, आणि त्या सूचनांत त्याचे १३ प्रकार नोंदले आहेत. पहिलाच प्रकार खोटी घाई. नसलेली टंचाई दाखवायची, नसलेली मुदत दाखवायची. दुसरा, आपण न मागितलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप टोपलीत सरकवायची. आणखी एक प्रकार तर अस्सल आत्याबाईंचा आहे. नकाराच्या बटणावर लिहायचं, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’. नाही म्हणायचं तर आधी लाजायचं! आणखी एकात किंमत थेंबाथेंबानं वाढते. सुरुवातीला ७९९, शेवटच्या पानावर हाताळणी शुल्क, हे शुल्क, ते शुल्क, मिळून ८७०. तोवर पत्ता भरून झालेला असतो, कोण मागे फिरणार?

यातला एकही प्रकार शांतपणे बसलेल्या माणसावर चालत नाही. सगळे चालतात ते धावणाऱ्यावर. फसवणूक वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, लिहून ठेवा. पण तक्रार नंतरची. रात्री पावणेबाराला खरेदी करायची नाही, हा नियम आधीचा.

तिसरा मुद्दा हप्ता. आपल्या भाषेत एक फार जुना शब्दप्रयोग आहे, ऋण काढून सण करणं. तो कौतुकानं कुणी वापरत नाही. पण पूर्वी ऋण काढायचं म्हणजे काय होतं? कुणाच्या तरी दारात जायचं. ओट्यावर बसायचं. इकडचं तिकडचं बोलून मग हळूच विषय काढायचा. समोरचा विचारायचा, कशासाठी हवेत? त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं, आणि उत्तर देताना निम्मी खरेदी गळून पडायची. बँकेत मी तेच पाहिलं. कर्जाच्या अर्जात ‘कारण’ नावाचा रकाना असतो. तो भरताना माणसं पेन थांबवून विचार करायची. आज ऋण आपल्या दारात येतं, आपल्या अंगठ्याखाली येऊन बसतं, आणि ‘कशासाठी’ हे विचारतच नाही. ‘आता घ्या, नंतर द्या.’

आणि त्यात शून्य टक्के व्याज! इथं रीत मांडू या. समजा मोबाइल ३०,००० रुपयांचा. सहा हप्ते, ५,००० चे. सहा गुणिले पाच, तीस. व्याज शून्य. उत्तर बरोबर, पूर्ण गुण? थांबा. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही. मग होतं काय? समजा बँकेचा दर वर्षाला १५ टक्के. ५,००० चे सहा हप्ते घेणारी बँक मुळात देते साधारण २८,७३० रुपये. उरलेले १,२७० हे व्याज. तेवढी सूट विक्रेता देतो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपण भरतो. झाले सुमारे २२९. प्रक्रिया शुल्क समजा १९९ आणि त्यावर पुन्हा जीएसटी, मिळून २३५. म्हणजे शून्याचे झाले ४६४ रुपये. हे तर सोडाच. खरा प्रश्न पुढे आहे. विक्रेता १,२७० सोडायला तयार होता ना? मग काउंटरवर एक वाक्य बोलून बघा: “रोख दिले तर किती?” हे वाक्य आपल्या आजोबांना येत होतं. आपण विसरलो. दर वेळी कमी होईलच असं नाही. पण न विचारता कधीच होणार नाही.

आणि एखादा हप्ता चुकला, कार्डाची पूर्ण रक्कम भरली नाही, तर? महिन्याला तीन-साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के. ज्या सावकाराला आपण कथा-सिनेमांत शिव्या दिल्या, त्याच्या पंक्तीला बसणारा हा दर. फरक एवढाच, की याच्या हातात चोपडी नाही आणि तो वाढदिवसाला शुभेच्छा पाठवतो.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, बाई, एवढा हिशेब करून सण करायचा तर तो सण कसला? प्रश्न रास्त आहे. आणि मी आज इथं काटकसरीचं कीर्तन लावणार नाही. अंथरूण पाहून पाय पसरा, हे आजवर ज्यांचं अंथरूण तोकडं त्यांनाच ऐकवलं गेलंय. ज्या बाईनं वर्षभर हातानं कपडे धुतले आणि बोनसच्या पैशात, सेलमध्ये चार हजार कमी देऊन वॉशिंग मशीन आणलं, तिची खरेदी मला कुठल्याही पूजेइतकी पवित्र वाटते. तिनं ते सेल लागला म्हणून घेतलेलं नाही. ते तिच्या पानावर केव्हाच चढलेलं होतं. सेल नंतर आला. फरक तेवढाच आहे, पण तो फरक सगळा आहे.

आणि दुसरं. खर्च करूच नका, असं म्हटलं तर धारावीच्या कुंभारवाड्यातल्या पणत्या कुणी घ्यायच्या? चाळीच्या जिन्यात बसून आकाशकंदील चिकटवणाऱ्या पोरांनी काय करायचं? तिथं आपण मात्र घासाघीस करतो. पणतीवाल्या बाईशी डझनामागे पाच रुपयांसाठी हुज्जत, आणि त्याच रात्री मोबाइलवर चार हजारांना दोन मिनिटं. जिथं भाव करायचा तिथं करत नाही, आणि जिथं करू नये तिथं करतो.

सणातलं काय विकत घ्यावं लागतं आणि काय नाही, हेही एकदा बघा. किल्ला घ्या. अंगणातली माती, पडक्या घराच्या विटा, एक जुनं पोतं. त्यावर आळीव पेरायचे, चार दिवसांत हिरवंगार रान. खर्च काय तो मावळ्यांचा. पोरं आठवडाभर चिखलात. आज प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. डाग नाही, चिखल नाही, आणि आठवडाही नाही. पाच मिनिटांत मांडून पोरगं पुन्हा मोबाइलवर. विकत घेऊन आपण नेमकं काय वाचवलं? जे वाचवलं, तोच तर सण होता.

मग करायचं काय? एकट्यानं करायचं असेल तर आईची रीत आहेच. कॅलेंडरच्या चौकोनात लिहा आणि पान उलटू द्या. दिवाळी तीन आठवड्यांवर आहे, महिना थांबलो तर तुळशीचं लग्न येईल, असं म्हणाल, तर या खेपेपुरतं तीन रात्री थांबा. तीन रात्रींनंतरही हवंच असेल, तर खुशाल घ्या. दिवाळीचा एकूण आकडा मात्र आधी ठरवा. एकच आकडा, घरातल्या सगळ्यांनी मिळून, पोरांसकट. पोरांना आकडा कळला की ती आपल्याहून चांगला हिशेब करतात, हा माझा अनुभव आहे. नातवानं फटाके निम्मे करून क्रिकेटची बॅट मागितली, आणि आम्हाला एक शब्द बोलावा लागला नाही.

मिळून करायचं असेल, तर त्याचीही परंपरा आपल्या महाराष्ट्रातच आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी एकत्र यायचं, महिन्याची यादी आधी भरून द्यायची, माल घाऊक यायचा आणि सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यायचा. ना जाहिरात, ना रंगीत वेष्टणाचा मोह. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते ‘आधी भरून द्यायची’. यादी आधी, दुकान नंतर. दुकानात जाऊन यादी सुचणं, ही आपली सवय उलटी झाली आहे. तुमच्या सोसायटीतल्या दहा घरांनी रवा, बेसन, तेल, सुकं खोबरं एकत्र आणलं तर काय बिघडेल? कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच आणा. दहा घरांची यादी बघून त्याच्या तोंडून आपोआप सूट निघेल, रेघ न मारता.

वेळ संपत आली. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मला दिसलं. ते घड्याळ मात्र खरं आहे. (हशा) थोडक्यात आवरते. किंमत दाखवली, तर खोडलेला आकडा कुणी लिहिला ते विचारा. घड्याळ दाखवलं, तर उद्या सकाळी पुन्हा बघा. शून्य व्याज दाखवलं, तर रोख किती ते विचारा. आणि या तिन्हींच्या आधी, ती वस्तू आपल्या पानावर होती का, ते बघा.

आई गेल्यावर ट्रंकेत तिची जुनी कॅलेंडरं निघाली, सुतळीनं बांधलेली. मी एक दुपार ती चाळत बसले. कितीतरी नावं होती. काचेचा सेट. भिंतीवरचं घड्याळ. निळी पैठणी, तीही तीन पानं चढून मग राहून गेलेली. ते वाचताना माझा हात थोडा थांबला, हे खोटं कशाला सांगू? थांबण्याची किंमत असते आणि आमच्या घरात ती बहुतेक आईनंच दिली. म्हणून मी तुम्हाला सांगताना एक भर घालते. पान उलटताना घरातल्या बाईचं नाव आपोआप मागे पडत नाही ना, हेही बघा. तीन पानं चढलेली पैठणी चौथ्या पानावर घ्यायची. रोखीनं, सकाळी, दुकानात बसून, पाच-पन्नास साड्या उलगडायला लावून. घाई न करता.